तिरका शिक्का

माणूस कसा आहे हे बघायचं तर मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. तोंडाला खोटं बोलायची सवयच असते, हाताला ती लावावी लागते, असं त्यांचं म्हणणं. रंधा कसा धरलाय एवढं बघून ते सांगत, हा गडी घरी भांडून आलाय, याचं लक्ष जेवणाकडे आहे, आणि हा तिसरा उद्या येणारच नाही. बावीस वर्षं त्यांचं हे शास्त्र बिनबोभाट चाललं. मग ज्या एका हातावर त्यांनी डोळे मिटून भरवसा टाकला होता, त्यानंच त्यांचा केसानं गळा कापला. तोही अगदी सावकाश, सराव करून.

मिस्त्री आणि भिडू या दोघांचा मिळून लाकडी सामानाचा कारखाना होता. कारखाना हा शब्द भिडूचा. मिस्त्री त्याला शेड म्हणत, आणि बघायला गेलं तर ती शेडच होती. वर पत्रे, खाली भुसा, भिंतीला करवती, कोपऱ्यात सरस तापवायची शेगडी. भिडू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शाळेत पत्ते खेळताना हे दोघं कायम एका बाजूला असायचे, तेव्हापासून मिस्त्री त्याला भिडू म्हणत आणि पुढं सगळेच म्हणायला लागले. मिस्त्रींनी लाकूड सांभाळायचं, भिडूनं गिऱ्हाईक, अशी वाटणी होती. एका खुर्चीला मिस्त्री आठ दिवस लावत आणि ते आठ दिवस गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवायचं काम भिडूचं. "आमचा माणूस कासव आहे हो, पण कासवाच्या खुर्चीवर तुमची नातवंडं बसतील," असं तो सांगे, आणि माणसं हसत हसत आगाऊ रक्कम ठेवून जात.

लाकूड यायचं ते दादांच्या वखारीतून. दादा मिस्त्रींपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आवाज घोगरा, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. धंदा सुरू करताना या दोघांच्या खिशात वाराही नव्हता, तेव्हा पहिला ओंडका त्यांनी उधारीवर दिला होता. त्यांच्या वखारीची एक रीत होती. घेणाऱ्यानं आवारात हिंडून ओंडका पसंत करायचा आणि त्याच्या कापलेल्या टोकावर आपली शिक्क्याची हातोडी मारायची. प्रत्येक गिऱ्हाइकाची हातोडी वेगळी, तिच्या तोंडावर कोरलेली खूण वेगळी. घाव बसला की खूण लाकडात उमटे, आणि तिथून पुढं ओंडका त्याचा आणि ओंडक्याचं देणंही त्याचं. मग वखारीतला माणूस त्या टोकाची बोटभर जाडीची चकती कापून घेई. चकतीमागे तारीख आणि घेणाऱ्याची सही, आणि चकती दादांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर. पैसे चुकते झाले की चकती परत. ती चकती मिस्त्री सरसाच्या शेगडीत घालत, वर चहाचं आधण ठेवत, आणि भिडू हात शेकत म्हणे, "चला, एक ओझं जळालं."

या दोघांची हातोडी करून घ्यायची वेळ आली तेव्हा भिडूनं परस्पर लोहाराला सांगून तिच्यावर कासव कोरून घेतलं. मिस्त्री आधी चिडले, मग हसले. खरी गंमत पुढं झाली. मिस्त्री डावखुरे. ओंडक्याच्या कडेला उभं राहून ते डाव्या हातानं हातोडी घालत, त्यामुळं त्यांचं कासव कधी सरळ उमटतच नसे. तोंड वर, शेपूट खाली. "तुझं कासव डोंगर चढतंय बघ," भिडू म्हणे. भिडूनं मारलेलं कासव मात्र सपाट रस्त्यानं चाले. दादांनी हा फरक पहिल्याच वर्षी हेरला. भिडूसकट सगळ्यांची चकतीमागे सही घेणारे दादा मिस्त्रींची सही कधी घेत नसत. "हे तिरकं कासव हीच तुझी सही," ते म्हणत. मिस्त्रींना उभ्या आयुष्यात एखादं बक्षीस मिळालं असेल तर ते हेच, आणि ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नसलं तरी मनात जपून ठेवलं होतं.

भागीदारी मोडली ती भांडणानं नाही. भिडूला काचेचं दुकान हवं होतं, रस्त्यावर, दिव्यांच्या उजेडात, आणि महिन्याला चाळीस खुर्च्या. मिस्त्री म्हणाले, "चाळीस खुर्च्या कासवाला झेपायच्या नाहीत, आणि कर्ज तर त्याहून नाही." दोघांनी चार दिवस विचार केला, पाचव्या दिवशी हसतमुखानं ठरवलं की वेगळं व्हायचं. शेड, नाव, गिऱ्हाइकं आणि सगळी देणी भिडूकडे. मिस्त्रींच्या वाट्याला थोड्या फळ्या आणि बँडसॉ, म्हणजे गोल फिरणाऱ्या पट्ट्याचं कापायचं मोठं यंत्र. रोख एक छदामही नाही. पण मिस्त्री खूश होते. घरामागच्या खोलीत ते यंत्र बसवायचं, एकट्यानं काम करायचं, पन्नाशीनंतर एवढंच त्यांना हवं होतं.

मिस्त्रींची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात टाइपरायटर घेऊन बसायची. तिनं आजवर इतके करार आणि इतक्या नोटिसा टाइप केल्या होत्या की वकिलाची चूक ती बोटांनी टाइप करता करताच दुरुस्त करी आणि वकिलाला पत्ता लागू देत नसे. भागीदारी सोडल्याचा कागद तिनंच टाइप केला. तो झाल्यावर तिनं मिस्त्रींना समोर बसवलं.

"अहो, हा कागद तुमच्या दोघांपुरता. बाहेरच्याला काय स्वप्न पडणार आहे तुम्ही बाहेर पडलात म्हणून? ज्यांच्या ज्यांच्याकडे तुमची उधारी चालते त्या प्रत्येकाला कळवायचं. रजिस्टर पोस्टानं, पावती घेऊन. त्यांना कळत नाही तोवर भिडू भावजी जे देणं करतील ते तुमच्याही डोक्यावर."

"तो कशाला करेल?"

"करतील असं मी म्हटलं का? कळवायचं असतं."

तिनं नऊ नोटिसा टाइप केल्या. बँक, सरसवाला, खिळेवाला, काचवाला, असे सगळे. नववी दादांची. न्यायच्या सामानाची यादीही तिनंच केली आणि तिच्यात पहिली वस्तू लिहिली ती शिक्क्याची हातोडी.

पोस्टात भिडू बरोबर आला होता. खिडकीपाशी उभं राहून त्यानं पाकिटं चाळली आणि एक बाजूला काढलं. "अरे, हे काय? दादांना नोटीस? पहिला ओंडका कुणी दिला विसरलास का? उद्या पोस्टमन त्यांची सही घेऊन हे हातात ठेवेल, म्हातारा हाय खाईल. राहू दे. मी जातो, समोर बसून नीट सांगतो." मिस्त्रींना ते एकदम पटलं. दादांना रजिस्टर पाठवायचं म्हणजे थोरल्या भावाला पाणी द्यायचं आणि पाण्याची पावती मागायची. त्यांनी पाकीट खिशात घातलं, आठ पावत्या घेतल्या आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, दादांचं त्यांच्या हातात दिलं. लग्नानंतर ते तिच्याशी खोटं बोलल्याची ही तिसरी वेळ, आणि आधीच्या दोन्ही वेळा विषय तिच्या नव्या कपड्यांचा होता.

शेवटचं सामान उचलताना भिडूनं खिळ्यावरची हातोडी काढून छातीशी धरली. "ही तेवढी ठेव. तू नाहीस, निदान तुझं कासव तरी इथं राहील." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. खरंच होतं, मी पुन्हा सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते खोटं वाटेल. मिस्त्रींनी खिशातून यादी काढली आणि पहिली ओळ खोडली.

पुढचे आठ महिने सुखाचे गेले. सकाळी बँडसॉ सुरू व्हायचा, त्याचा तो एकसुरी आवाज ऐकत बायको डबा भरायची, संध्याकाळी दाराशी भुशाची एक पाटी. वाट्याला आलेल्या फळ्या पुरत होत्या, त्यामुळं वखारीत जायचं कारण पडलं नाही. दादांना भेटून यावं असं अधूनमधून मनात येई. पण भिडूनं सांगितलंच असणार, आणि आता गेलं की "तू स्वतः नाही आलास ते" हे ऐकावं लागणार, म्हणून आज उद्या, आज उद्या. चांगली माणसं अशीच आपल्या भिडेपायी स्वतःचा खड्डा खणतात, आणि वर माती सपाट करून ठेवतात.

मग एका दुपारी पोस्टमन आला. रजिस्टर होतं. दादांच्या वकिलाकडून.

बायकोनं फोडलं, कारण घरातला टाइप केलेला प्रत्येक कागद आधी तीच वाचे. अकरा ओंडके, पाच महिन्यांपूर्वीपासून, एक पैसा आलेला नाही, दोन्ही भागीदारांनी पंधरा दिवसांत रक्कम भरावी. तिनं कागद टेबलावर ठेवला, आतल्या खोलीत जाऊन पत्र्याचा डबा आणला आणि पावत्या एकेक करून मांडल्या. आठ.

"नववी कुठंय?"

"ते... हातात दिलं होतं ना."

"कुणाच्या?"

मिस्त्री उठले, हत्यारांच्या पेटीचा खालचा खण ओढला, गिरमिटाच्या पात्यांखालून पाकीट काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिकिटं लावलेलं, पत्ता तिनंच टाइप केलेला. तिनं ते उचललं नाही. तिला रडू आलं नाही, ओरडावंसंही वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जगाच्या नोटिसा मी टाइप करते, आणि माझ्याच घरातली पेटीत."

"विसरला असेल गं तो. दुकानाची धावपळ..."

"अकरा वेळा वखारीत गेले ते, आणि एकदाही आठवलं नाही?"

"त्याच्या मनात काही नसतं. तू त्याला ओळखत नाहीस."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री वखारीत गेले ते मनाशी हेच घोकत. विसरला असेल. दादा नेहमीच्या खुर्चीत होते. बस म्हणाले नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्री त्या टेबलासमोर उभे राहिले.

"दादा, मी आठ महिन्यांपूर्वीच बाहेर पडलोय. भिडूनं सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही." दादांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "तूही नाही सांगितलंस. मला आता वकिलाकडून कळतंय, बँकेला रजिस्टर, खिळेवाल्याला रजिस्टर. माझं काय चुकलं होतं रे?"

याला काय उत्तर देणार? तुमचा मान राखला म्हणून तुम्हाला कळवलं नाही, असं तोंडानं म्हणून बघा, म्हणजे कळेल. मिस्त्री म्हणाले, "पण ओंडके मी नाही घेतले, दादा. मी इथं आलोच नाही."

दादा उठले, खिळ्यावरची चळत काढली आणि टेबलावर ओतली. अकरा चकत्या. "भिडू म्हणायचा, मिस्त्री मागच्या आवारात शिक्का मारून गाडीत जाऊन बसलाय, गुडघा धरलाय त्याचा. मी म्हटलं, असेल. चकती बघितली आणि म्हटलं, आहे हाच."

मिस्त्रींनी पहिली चकती उचलली. कासव तिरकं होतं. तोंड वर, शेपूट खाली. दुसरी उचलली. तिरकं. क्षणभर त्यांना स्वतःचीच शंका आली, की आपण कधी आलो होतो का? अकराच्या अकरा त्यांनी ओळीनं लावल्या. अकरा कासवं एकाच डोंगराला निघालेली. मग त्यांनी पहिली चकती उजेडात नेली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. त्यांच्या स्वतःच्या घावाची डावी कड नेहमी खोल जायची, या कासवाच्या चारी कडा सारख्या होत्या. हात वेगळा होता. त्यानं फक्त तिरकेपणा उचलला होता.

विसरलेला माणूस सरळ मारतो. विसरलेल्या माणसाला हातोडी दुसऱ्या हातात घ्यायची बुद्धी होत नाही. मिस्त्रींनी न विचारताच खुर्ची ओढली.

"हा त्याचा हात आहे, दादा."

"मला कसं कळायचं?" दादा म्हणाले. "तुझी सही मी कधी घेतली का?"

तिथून मिस्त्री थेट भिडूच्या दुकानात. काचा, दिवे, आत चार खुर्च्या आणि गिऱ्हाईक कोणीच नाही. मागच्या दारातून शेडचं आवार दिसत होतं, तिथं चार ओंडके न चिरलेले पडलेले. भिडू हात पसरून पुढं आला. "कासव! अरे, कुठं असतोस तू? चहा सांगतो थांब."

"हातोडी कुठंय?"

"आहे की. तिथंच, खिळ्यावर."

"आण."

भिडूनं आणली. मिस्त्रींनी खालून एक लाकडाचा तुकडा उचलला आणि काचेच्या टेबलावर आपटला. "मार."

भिडू हसला. त्याला वाटलं जुनी आठवण काढायला आलाय. उजव्या हातानं त्यानं एक घाव घातला. कासव सपाट रस्त्यानं चाललं.

"आता वखारीत मारतोस तशी मार."

भिडूचा हात हातोडीसकट तसाच राहिला. त्यानं हातोडी हळूच खाली ठेवली आणि बोलायला लागला, भराभरा, नेहमीसारखा. हॉटेलच्या दारांचं मोठं काम मिळालं होतं, भरीव लाकूड हवं होतं, हॉटेलवाल्यानं सगळी दारं नेली आणि हात वर केले. आज ना उद्या पैसे सुटतीलच. आपण काय पळून गेलोय का?

"तिरकी का मारलीस ते सांग."

"सरळ मारली असती तर दादांनी माझी सही घेतली असती. माझ्या सहीवर ते दोनच्या वर ओंडके सोडत नाहीत, तुला माहितीय. तुझ्या कासवावर अकरा दिले. मागितले असते तर वीस दिले असते."

"किती दिवस लागले?"

"कशाला?"

"डाव्या हाताची सवय लावायला."

भिडूनं खाली बघितलं. "पंधरा दिवस. मागे, जळाऊ लाकडांवर."

मिस्त्रींना राग यायला हवा होता, पण आधी आलं ते रडू. पंधरा दिवस. त्यांना डोळ्यासमोर दिसलं, हा शेडच्या मागे उभा आहे, डाव्या हातात हातोडी, एकेक कासव उमटवतोय, बघतोय, पुन्हा मारतोय. चुकला की हसतही असेल. बावीस वर्षं ज्या तिरकेपणाची चेष्टा केली तोच याला बाजारात चालणारं नाणं वाटला. पंधरा दिवसांत एका दिवशीही हात थांबला नाही?

"तू माझ्याजवळ मागितलं असतंस," मिस्त्री म्हणाले. "मी दादांकडे येऊन सांगितलं असतं. नाही म्हणालो असतो का?"

"म्हणाला असतास," भिडू म्हणाला. "कर्जाचं नाव काढलं की तू नाहीच म्हणतोस."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते जास्त लागलं. मिस्त्रींनी हातोडी उचलली. भिडू म्हणाला, "अरे, ती कारखान्याच्या यादीत आहे," आणि म्हणून झाल्यावर त्याचीच त्याला लाज वाटली असावी, कारण तो बाजूला झाला. मिस्त्री म्हणाले, "माझ्या यादीत ती पहिली होती. मी खोडली." ते दारापर्यंत गेले आणि मागं न बघता म्हणाले, "यापुढं मला कासव म्हणायचं नाही."

घरी न जाता ते कोर्टाच्या व्हरांड्यात गेले. बायकोनं यंत्रातला कागद तसाच ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या टेबलावरचा वकील तिच्या ओळखीचा, त्यानंही ऐकलं, आणि त्याचे डोळे चमकले.

"चकत्यांमागे सही नाही? एकाही? मग झालंच की! बाकी सगळ्यांची घेतो आणि तुमचीच नाही, ही वखारवाल्याची ढिलाई. घाव खोटा आहे हे तर तुम्ही दाखवूच शकता. म्हाताऱ्याला पिंजऱ्यात उभं करू, विचारू, सही का घेतली नाहीत? काय उत्तर देईल?"

काय उत्तर देतील हे मिस्त्रींना पाठ होतं. हे तिरकं कासव हीच याची सही. भरकोर्टात दादा हे म्हणतील आणि लोक हसतील.

"नको," मिस्त्री म्हणाले.

"अहो, तुमचा बँडसॉ जाईल," वकील म्हणाला. "जिंकायची केस आहे."

"सही नाही ती माझ्यावरच्या विश्वासानं नाही. त्या विश्वासाचा फायदा एकानं घेतलाच आहे. आता दुसरा मी घेऊ?"

वकिलानं बायकोकडे बघितलं, म्हणजे ही तरी शुद्धीवर असेल या आशेनं. ती मिस्त्रींकडे बघत होती. राग गेला नव्हता. पाकिटाचा राग तिचा अजूनही गेलेला नाही, हे मला खात्रीनं माहीत आहे. पण तिनं यंत्रातला अर्धवट कागद काढून बाजूला ठेवला, कोरा चढवला आणि विचारलं, "बँडसॉ घेतला होता कितव्या साली? विक्रीपत्रात लिहावं लागतं."

यंत्र चौथ्या दिवशी गेलं. चार माणसांनी ते उचलून टेंपोत चढवलं आणि मागच्या खोलीत जमिनीवर चार बोल्टांची भोकं तेवढी राहिली. न चिरलेले चार ओंडके भिडूच्या आवारातून वखारीत परत आले. भिडूनं विरोध केला नाही, समोरही आला नाही. कागदावर त्यानं सगळी देणी घेतली होती, पण कागद दाखवून वसूल करायला त्याच्याकडे काचांशिवाय होतं काय? उरलेल्या सात ओंडक्यांची रक्कम मिस्त्रींनी दादांच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी ते जुनं पाकीट.

"हे आठ महिन्यांपूर्वी द्यायचं होतं."

दादांनी रक्कम घेतली. पाकिटाला हात लावला नाही. "हे पोस्टात टाक," ते म्हणाले. "रजिस्टर कर. पावती घे, जपून ठेव. हातात दिलेलं काही खरं नसतं, असं वकील म्हणतो." आवाजात राग नव्हता. म्हातारा थकला होता.

मिस्त्री पोस्टात गेले. त्याच खिडकीपाशी रांगेत उभे राहिले, तिकिटांचे दर वाढले होते म्हणून वरचं एक तिकीट लावलं, आणि नववी पावती घरी आणून बायकोच्या हातात दिली. तिनं ती डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. त्या दिवसापासून भिडूच्या कुठल्याही देण्याशी मिस्त्रींचा संबंध उरला नाही. कायद्यानं.

चकत्या दादांनी रीतीप्रमाणे परत दिल्या होत्या. मिस्त्रींनी शेगडी पेटवली, आधण ठेवलं आणि अकराच्या अकरा आत घातल्या. लाकूड चांगलं वाळलेलं, भरकन पेटलं. एक ओझं जळालं म्हणायला कोणी नव्हतं. बायको चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "हातोडी पण घाला यात." मिस्त्री म्हणाले, "लोखंड आहे ते."

पुढचे काही दिवस ते जळाऊ लाकडांवर उजव्या हातानं हातोडी मारून बघत होते. आपलं कासव सरळ करायचं, म्हणजे भिडूच्या हातातलं तिरकं त्याचं त्यालाच राहील, असा विचार. जमलं नाही. पंधरा दिवस दुसऱ्याचा हात शिकायला पुरतात, स्वतःचा विसरायला पुरत नाहीत.

फळ्या संपल्या तेव्हा त्यांना वखारीत जावंच लागलं. हाताशी रोख नव्हती. दादांनी उधारी दिली, लगेच दिली, "एकच ओंडका ना, ने की," म्हणाले. मागच्या आवारात या वेळी ते स्वतः बरोबर आले, काठी टेकत, आणि मिस्त्रींच्या हातापासून दोन पावलांवर उभे राहिले. मिस्त्रींनी ओंडका पसंत केला, कडेला उभे राहिले आणि डाव्या हातानं घाव घातला. वखारीतल्या माणसानं चकती कापून दादांकडे दिली. दादांनी चष्मा चढवला. अंगठ्यानं कासवाची डावी कड चाचपली, मग उजवी, मग पुन्हा डावी. पुष्कळ वेळ बघितलं.

"हा तूच मारलास ना?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री समोरच उभे होते. हातोडी अजून हातात होती.

"हो, दादा," ते म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं.